माझ्या नंबरावरच्या गाड्या

गाडी विकणारा माणूस वेगळा असतो आणि गाडी ताब्यात देणारा वेगळा. विकणाऱ्याला बोलता यावं लागतं. मी देणारा होतो. अंबरनाथच्या एका शोरूममध्ये मी अठरा वर्षं लोकांच्या नव्या गाड्या त्यांच्या हवाली केल्या. त्याआधी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तात्पुरता सहायक होतो. ती नोकरी शेवटपर्यंत तात्पुरतीच राहिली. दोन्ही कामांत फार फरक नाही. वस्तू द्यायची, सही घ्यायची, जपून वापरा म्हणायचं. गाडी परत आणून द्यायची नसते, एवढंच.

बाहेरच्याला हे काम सोपं वाटतं. गाडी धुऊन लाल कापडाखाली झाकून ठेवायची. ग्राहक सहकुटुंब येतात. कापड ओढायचा मान कोणाचा यावरून थोडी कुजबुज होते. मग बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, हार, नारळ. ‘नारळ जमिनीवर फोडा, बंपरवर नको’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा बोललो तितक्यांदा दुसरं कुठलंही बोललो नसेन. बदलापूरच्या एका गृहस्थांनी तरीही बंपरवर आपटला. नारळ फुटला नाही.

हे सगळं झालं की माझं खरं काम सुरू व्हायचं. गाडी समजावून सांगायची. वायपर कुठला, धुक्याचा दिवा कुठला, टायरमधली हवा कमी झाली की कुठलं चिन्ह पेटतं. घरच्यांना घाई असते, कोणी ऐकत नाही. मी तरीही पूर्ण सांगत असे. शेवटच्या काही वर्षांत मात्र गाडी समजावून सांगणं अवघड झालं, कारण गाडीला स्वतःलाच बरंच काही समजायला लागलं होतं.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. आजच्या गाडीत एक संगणक नसतो, बरेच असतात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. एअरबॅगची पेटी धडकेच्या आधीचे काही क्षण लक्षात ठेवते: वेग किती होता, ब्रेकवर पाय होता का, पट्टा लावला होता का. याशिवाय नव्या गाड्यांमध्ये एक सिमकार्ड असतं, मोबाइलमध्ये असतं तसंच. त्यातून गाडी दिवसभर कंपनीला कळवत राहते. किती वाजता सुरू झाली, कुठून कुठे गेली, कुठे किती वेळ उभी राहिली, ब्रेक किती जोरात दाबला, वळण किती वेगात घेतलं. मालकाला ते फोनवरच्या ॲपमध्ये नकाशावर निळ्या रेघेने दिसतं. आठवडा संपला की शंभरपैकी गुण मिळतात.

हे चालू करायला मालकाची संमती लागते. संमती म्हणजे फोनवरच्या एका चौकोनात बोट टेकवणं. त्या चौकोनामागचा मजकूर मी एकदा सगळा वाचला. हाताला लागेल ते वाचायची सवय आहे. गद्य म्हणून सामान्य होतं. ही माहिती कंपनी सांभाळून ठेवील आणि गरजेप्रमाणे सहयोगी संस्थांना देईल, असं त्यात होतं. गरज कोणाची आणि संस्था कोणत्या, हे नव्हतं. तो मजकूर वाचायला मागणारा एकही ग्राहक मला भेटला नाही.

विचारणारा मात्र एक भेटला. उल्हासनगरचे लालचंदशेठ, जीन्सच्या कापडाचे व्यापारी. मी सांगत होतो ते त्यांनी हात वर करून थांबवलं.

“साईं, ये डब्बा किसको बताता है?”

“कंपनीला, शेठ.”

“और कंपनी किसको बताती है?”

“ते कागदावर नीट लिहिलेलं नाही.”

“तो बंद करो. मैं घरवाली को नहीं बताता किधर जाता हूँ, कंपनी को बताऊँ?”

बंद केलं. पाच महिन्यांनी त्यांची गाडी दुकानासमोरून चोरीला गेली. शेठ शोरूममध्ये आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, “वैद्यसाहेब, वो डब्बा. थोड़ा सा भी चालू नहीं था?” गाडी नंतर पोलिसांना सापडली, जुन्या पद्धतीने, एका चहावाल्याला विचारून. त्यानंतर शेठनी डबा चालू करून घेतला. पण नंबर माझा टाकायला सांगितला. “आपके पास रहेगा,” ते म्हणाले, “तो समझो किसी के पास नहीं रहेगा.” मी ते कौतुक समजलो.

नंबर माझा टाकणं ही त्यांची एकट्याची गोष्ट नव्हती. गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आत ॲप चालू झालंच पाहिजे, असा वरून हुकूम होता. त्यासाठी मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो आम्हाला सांगावा लागतो. आणि आमचे निम्मे ग्राहक बँकेचं ऐकून शहाणे झालेले. “ओटीपी कोणाला सांगू नका असं बँकवाले ओरडून सांगतात, आणि तुम्ही पेढा हातात देऊन तोच मागताय?” असं बेलवलीच्या एका मावशींनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. काहींचा फोन मुलाकडे, काहींचा साधा बटणांचा. मुहूर्त टळायला आलेला. अशा वेळी आम्ही आपलाच नंबर टाकून मोकळे होत असू. पहिल्या सर्व्हिसिंगला बदलून देऊ, असं ठरे. पहिल्या सर्व्हिसिंगला कोणाला आठवत नसे. शोरूममध्ये याला कोणी चूक म्हणत नव्हतं. याला ‘ॲडजस्ट करणं’ म्हणत.

अशा रीतीने तीसेक कुटुंबांच्या गाड्या माझ्या फोनमध्ये राहायला आल्या. सुरुवातीला मी बघत नव्हतो. मग बघायला लागलो. कारण काही नाही. जेवण झाल्यावर माणूस काहीतरी बघतो. तुम्हाला वाटेल की लोकांची मोठी गुपितं कळत असतील. तसं नसतं. माणसं रोज त्याच रस्त्याने त्याच ठिकाणी जातात. एक डॉक्टर होते, त्यांची गाडी रोज संध्याकाळी स्वतःच्या घरापासून दोनशे पावलांवर वीस मिनिटं उभी असे, इंजिन चालू ठेवून. मग घरी जात. दुसरं कुठेही जात नसत. मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे, आणि तेवढंसुद्धा ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

पहिला प्रसंग मी नोकरीत असतानाचा. एमआयडीसीत पॅकिंगच्या खोक्यांचं युनिट असलेले एक मालक एकदा सर्व्हिसिंगला आले आणि सहज म्हणाले, “वैद्य, तुमच्याकडे दिसतं ना ते? आमचा ड्रायव्हर दुपारी गाडी कुठे नेतो, जरा बघा. किलोमीटर जास्त पडतायत.”

मी फोन काढला. ग्रंथालयात कोणी अमुक पुस्तक कुठल्या कपाटात विचारलं तर जसं सांगावं, तसं सांगितलं. रोज दुपारी एक दहाला गाडी बुवापाड्यात जाते, पाऊण तास उभी राहते, परत येते. मालकांनी चार-पाच दिवस बघितले, आभार मानले.

आठवड्याने तो ड्रायव्हर आला. संतोष नाव. तिशीतला, केस नीट विंचरलेले. भांडायला आला असेल असं वाटून आमचा सुरक्षारक्षक जवळ येऊन उभा राहिला.

“साहेब, गाडीने सांगितलं असं आमचे शेठ म्हणाले.”

“हो.”

“मला काढलं. ठीक आहे. पण काय सांगितलं ते मला दाखवाल का?”

मी दाखवलं. निळी रेघ, बुवापाड्यातला ठिपका, वेळ. तो बराच वेळ बघत राहिला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “आईला भरवायला जायचो. तिची एक बाजू गेलीय. कधी पाऊण तास लावते, कधी वीस मिनिटांत आटपते.” मग थोडा विचार करून म्हणाला, “ते वीस मिनिटवाले दिवस पण यात आलेत का?”

“आलेत.”

“ते दाखवले का शेठला?”

मी फक्त विचारलेले दिवस दाखवले होते. तसं त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, सुरक्षारक्षकाला “चल भाऊ” म्हणाला आणि गेला. मी मालकांना फोन केला. “त्याने मला आधी सांगायला हवं होतं,” मालक म्हणाले. तेही खोटं नव्हतं. दुसरा ड्रायव्हर ठेवून झाला होता.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. एकाची रेघ दुसऱ्याला दाखवायची नाही. बाप मुलाची विचारो, नवरा बायकोची विचारो. पुढे निवृत्त झालो तरी गाड्या माझ्या नंबरावरच होत्या आणि विचारणारे येतच राहिले. मी सगळ्यांना एकच उत्तर देत असे: ते मला बघता येत नाही. या नियमाचा मला अभिमान होता. तो पाळायला सोपाही होता, कारण पाळण्यासाठी काही करावं लागत नसे.

आता मोहिलेसाहेबांविषयी. ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो ते हेच. या फेब्रुवारीत ते गेले. रंगद्रव्यांच्या एका कारखान्यात मोठे अधिकारी होते. निवृत्तीनंतर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. शनिवारी सकाळी चालत माझ्याकडे येत आणि आम्ही पुस्तकांची अदलाबदल करत असू. माझं पुस्तक परत येई तेव्हा त्यातल्या छपाईच्या सगळ्या चुका पेन्सिलने दुरुस्त केलेल्या असत. एका कादंबरीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘एकूण एकशे चार. कथानक धरलेलं नाही.’

गाडी त्यांनी काकू गेल्यानंतर दीड वर्षाने घेतली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, माझ्याच हातून. “ती होती तोवर नको म्हणायची,” ते म्हणाले. “आता नको म्हणायला कोणी नाही, तर मजा येत नाही. पण घेतो.” मुलगा अमोल पुण्यात इंजिनिअर. रोज संध्याकाळी आठला फोन करतो. वडिलांना मधुमेह, म्हणून त्याने काय खायचं काय नाही याचा तक्ता छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून फ्रिजवर चिकटवलेला. नंबर अर्थातच माझा टाकला होता. मोहिलेसाहेबांना ओटीपी हा प्रकार मूलतः अपमानास्पद वाटे.

दर बुधवारी ते गाडीने बदलापूरच्या वाचनालयात जात. वीस मिनिटांचा रस्ता. माझी निवृत्ती होऊन वर्ष झालं असेल, ऑक्टोबरातल्या एका बुधवारी मला दिसलं की येताना त्यांना सव्वा तास लागला. रेघ वाचनालयापासून निघाली, अंबरनाथकडे वळायच्या ऐवजी वांगणीकडे गेली, बरीच पुढे जाऊन मागे आली, बदलापुरातल्याच कात्रपमध्ये एका चौकाभोवती तीनदा फिरली आणि मग घरी पोहोचली. मला वाटलं, हवा छान होती, फिरले असतील. पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी वांगणीच्या रस्त्याला एका वळणावर गाडी पंचवीस मिनिटं उभी.

शनिवारी ते आले की मी नीट बघत असे. तसेच होते. त्याच चुका सापडत होत्या, तीच तक्रार, चहात तेवढंच दूध. एकदा तेच पुस्तक दुसऱ्यांदा मागितलं, मीही मागतो.

आणि ॲप दर सोमवारी कळवत होतं: अभिनंदन, या आठवड्यात तुमचे गुण सत्त्याण्णव. माझ्या फोनमधल्या तीस गाड्यांत मोहिलेसाहेब पहिले. कधी जोरात ब्रेक नाही, कधी वेग जास्त नाही, पट्टा कायम लावलेला. ते ताशी चाळीसच्या वेगाने, सिग्नल पाळून, शिस्तीत रस्ता हरवत होते. गाडीकडे सगळं नोंदलेलं होतं. माणूस घरी जायचा रस्ता विसरतोय, यासाठी तिच्याकडे रकाना नव्हता. ते वाचू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याने नियम केला होता.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते अवेळी आले, गाडीने. शर्टावर चटणीचा ताजा डाग. बसले, चष्मा पुसला.

“वैद्य, एक विचारायचं होतं. ते तुमच्या फोनवर माझं येतं ना?”

“येतं.”

“सगळं येतं? म्हणजे रविवारचंही?”

“रविवारचंही.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मग तुम्हाला माहीतच असेल.”

मला माहीत होतं. दर रविवारी सकाळी साडेआठला त्यांची गाडी उल्हासनगरच्या एका बाजारात जाई आणि अर्धा तास थांबे. मला वाटे देवळात जात असतील.

“डाळ-पकवान,” ते म्हणाले, ज्या आवाजात माणूस पोलिसांत कबुली देतो त्या आवाजात. “दोन प्लेट. तळलेले पकवान, वर चटणी. कधीकधी जिलेबी. अमोलला कळलं तर तो तक्ता मोठा करून आणेल. काल फोनवर म्हणाला, वैद्यकाकांना विचारून तुमची गाडी माझ्या फोनवर घेतो. कशाला? मी काय पार्सल आहे?”

“मी नाही सांगणार.”

“शब्द?”

“शब्द.”

“तसं नाही. तुम्ही चांगले आहात, पण अमोल चिवट आहे. ते काढूनच टाका.”

मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि त्यांची गाडी माझ्या यादीतून काढली. कारखान्यातला अधिकारी, नुसतं सांगून भागलं नाही, त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेऊन यादी वरपासून खालपर्यंत बघितली. “आता माझं काही दिसत नाही तुम्हाला.”

“नाही.”

“बरं वाटलं,” ते म्हणाले.

त्या क्षणी मला विचारायचं होतं. वाक्य तयार होतं: साहेब, आणि बुधवारचं काय? चारच शब्द. त्यांना ते गुपित आहे हेच माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि चटणीच्या आड ठेवलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी विचारलं, “लिंबू सरबत घेणार?” ते म्हणाले, “साखर घालून.” घेतलं.

जाताना मी फाटकापर्यंत गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्यांची गाडी थांबली. त्यांचं घर डावीकडे. डावीकडचा दिवा लुकलुकला, मग उजवीकडचा, मग पुन्हा डावीकडचा. मग गाडी उजवीकडे वळली. पेट्रोल भरायला जात असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पेट्रोल पंपही डावीकडेच आहे.

मेमधल्या एका बुधवारी दुपारी दोनला अमोलचा फोन आला. बाबा सकाळी दहाला निघाले, शेजारच्यांनी पाहिलं. फोन घरीच वाजतोय. वाचनालयातून ते अकराला गेले म्हणतात.

“काका, तुमच्याकडे ते ॲप आहे ना? बघता का जरा?”

“मी काढून टाकलं.”

“का?”

“त्यांनीच सांगितलं.”

त्याने फोन ठेवला. मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बाईंचा आवाज गोड होता. गाडी आत्ता कुठे आहे ते त्यांच्या संगणकात असणार, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. पण गाडी आता कुठल्याच नंबराला जोडलेली नव्हती. “ग्राहकाच्या खासगीपणाचा प्रश्न असल्यामुळे आम्हाला ही माहिती देता येणार नाही, सर. पोलिसांचं पत्र लागेल.” मी वाद घातला नाही. तसलंच वाक्य मी कित्येकांना ऐकवलं होतं, एवढ्या गोड आवाजात नसेल.

अमोल पुण्याहून निघाला. शेजारच्यांनी पोलिसांत जायचं ठरलं. मी रिक्षा केली.

“कुठे, काका?”

“वांगणीच्या रस्त्याला. हळू चला.”

“वांगणीत कुठे?”

“दिसेल तिथे.”

साडेचारच्या सुमाराला, त्या ओळखीच्या वळणाच्या थोडं पुढे, गाडी दिसली. एका फार्महाऊसच्या फाटकाशी नीट कडेला लावलेली, हँडब्रेक ओढलेला, काचा बंद. पलीकडे राखणदाराचं घर होतं. ओसरीवर मोहिलेसाहेब खाटेवर बसले होते, बूट काढून शेजारी ठेवलेले, तोंड लालबुंद, हातात ताकाचा पेला. शेजारी राखणदाराची बायको पुठ्ठ्याने वारा घालत होती.

“तुमचं मानूस काय ओ?” तिने मला विचारलं. “सकालपासून दोनदा गेली ही गाडी. तिसऱ्यांदा आली तवा मीच आडवी झाले. म्हटलं, बाबा, उतरा, पानी प्या, मंग जा कुठं जायचं तिथं.”

मोहिलेसाहेबांनी मला पाहिलं. “अरे वैद्य, तुम्ही इकडे कसे?”

“सहज.”

“बसा. मी बदलापूरहून घरी चाललोय. रस्ता नवीन केलेला दिसतो.” मग त्या बाईंना म्हणाले, “हे माझे मित्र. फार वाचतात.”

दवाखान्यात सलाईन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. अमोल पोहोचला होता. तो वडिलांना ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. मोहिलेसाहेब खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. अमोलने चहा केला, माझ्यासमोर बसला आणि विचारलं, “काका, एक सांगा. तुम्ही सरळ वांगणीकडेच कसे गेलात?”

मुलगा हुशार आहे. रात्रभर त्याच्या डोक्यात तेच असणार. याचं खरं उत्तर द्यायचं तर मला म्हणावं लागलं असतं की ऑक्टोबरपासून मला दिसत होतं, चार महिने मी ते बघत होतो आणि मग बघायला नको म्हणून मिळालेल्या पहिल्या संधीला काढून टाकलं. ऑक्टोबरात डॉक्टरकडे नेलं असतं तर काय झालं असतं, हे त्याने लगेच विचारलं असतं. आजार थांबला नसता, हे मला आता माहीत आहे. मेमधल्या त्या उन्हात काचा बंद करून ते पाच तास फिरले नसते, हेही माहीत आहे. ती बाई आडवी झाली नसती तर चौथी फेरी झाली असती.

मी म्हणालो, “अमोल, हे दर रविवारी उल्हासनगरला डाळ-पकवान खायला जातात, ते तुला माहीत आहे का?”

अमोलने वडिलांकडे बघितलं. “बाबा?”

मग तो हसायला लागला. कालपासून पहिल्यांदा. “आणि मी फ्रिजवर तक्ता लावून बसलोय,” तो म्हणाला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि विचारलेला प्रश्न तिथेच राहिला. वांगणी एका दिशेला आहे आणि उल्हासनगर बरोबर उलट दिशेला. अमोल इंजिनिअर आहे, पण त्या सकाळी त्याच्या लक्षात आलं नाही.

मोहिलेसाहेब अमोलकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. वर्तमानपत्राची घडी घालून त्यांनी ते टीपॉयवर ठेवलं आणि आत जाऊन झोपले.

जूनमध्ये अमोल त्यांना पुण्याला घेऊन गेला. महिन्यातून एकदा मी फोन करत असे. ते झोपलेले असत, किंवा तसं मला सांगितलं जाई. दिवाळीच्या सुमाराला अमोल म्हणाला, “काका, तुमच्यापासून लपवत नाही. तुमचं नाव काढलं की बाबा म्हणतात, त्या माणसाला काही सांगू नकोस. मनावर घेऊ नका हं. त्यांना आता माणसं कळत नाहीत. माझ्या बायकोला ते नर्स समजतात.”

“नाही घेत,” मी म्हणालो.

“तुम्हीच तर त्यांना शोधून काढलंत.”

मी त्याला दुरुस्त केलं नाही. शब्द दिलेली गोष्ट मी सांगितली होती, आणि जी सांगायला हवी होती तिच्याबद्दल कोणी शब्द मागितलाही नव्हता. मोहिलेसाहेब तोवर बरंच विसरले होते. माझ्याबाबतीत त्यांची काही चूक होत नव्हती.

या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा मी पुण्याला जाऊन आलो. अमोल म्हणाला, काका, तुम्ही लिहिता, यंदाच्या दिवाळी अंकात बाबांवर काहीतरी लिहा. मी लिहितो म्हणालो. आधी त्यांच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्यांवर लिहिलं, ते फाडलं. मग कारखान्यातल्या दिवसांवर लिहिलं, ते मला ऐकूनच माहीत होतं. या खेपेला पहिल्यापासून लिहीत गेलो तर इथे येऊन थांबलो.

अमोल, ते ऑक्टोबरपासून दर बुधवारी रस्ता चुकत होते, आणि चुकले की वांगणीकडे जात होते. मला दिसत होतं. तू त्या सकाळी विचारलंस त्याचं उत्तर हे आहे.